आतड्याचा निरोप

भुकेबद्दल आमच्या मामेसासऱ्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं त्या काळी साऱ्या विदर्भात कुणालाच ठाऊक नसेल, आणि त्यांच्या घरून मी जेवढा उपाशी परतलो तेवढा आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही घरून परतलो नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फार जवळचा संबंध आहे. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मूळचे कुहीकडचे, घरची धानाची शेती. शिकून डॉक्टर झाले आणि नागपुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. कुणाची नाडी कधी पाहिली नाही, कुणाला गोळी कधी दिली नाही. शेजारचं कुणी पोट दुखतंय म्हणून आलंच, तर त्याच्या पोटात या क्षणी काय काय चाललं असेल याचं मामा इतकं रसाळ वर्णन करत, की तो माणूस दुखणं विसरून घाबऱ्या घाबऱ्या घरी जाई.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माझं लग्न झालं आणि पाटबंधारे खात्याने लगोलग साताऱ्याहून माझी नागपूरला बदली केली. विदर्भात जावयाला जेवू घालून आडवा करतात असं मी ऐकून होतो. त्यामुळे रामदासपेठेतल्या मामांच्या घरी पहिल्या जेवणाला जाताना मी सकाळपासून पोट रिकामं ठेवलं होतं. मामींनी गोळाभात केला होता. वाफाळता भात, त्यात डाळीचे गोळे कुस्करलेले, वरून लाल मिरचीची कढत फोडणी. पहिल्यांदा वाढलेला भात कुठे गेला ते मला कळलंही नाही. मामी दुसऱ्यांदा भात घेऊन आल्या, तेव्हा मी रीतीप्रमाणे पानावर हात आडवा धरला आणि "नको, नको" म्हणालो. आमच्याकडे जावयाने दोनदा नको म्हणायचं असतं आणि तिसऱ्यांदा हात आपोआप बाजूला घ्यायचा असतो. मामी "घ्या नं जी, असं काय करता" म्हणत पुढे वाकल्या, तोच मामा गरजले, "थांब वं! नाई म्हनले नं ते?" मग माझ्याकडे वळून अगदी भारावून म्हणाले, "जावईबापू, तुमचं आतडं फार प्रामानिक हाय." माझ्या डोळ्यांदेखत तो भात स्वयंपाकघरात परत गेला. घरी जाताना मी रस्त्यावर तर्री-पोह्याच्या दोन प्लेटा खाल्ल्या आणि नवी नवरी शेजारी उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती.

आग्रह हा मामांच्या लेखी गुन्हा होता. त्यामागचं शास्त्र त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं, की आज झोपेतून उठवलं तरी मी सांगेन. तूप-तेल पोटातून लहान आतड्यात उतरलं, की आतड्याची भिंत एक हार्मोन रक्तात सोडते. ते पित्ताच्या पिशवीला सांगतं, पिळून घे. जठराला सांगतं, सावकाश. आणि मेंदूकडे निरोप जातो की आता पुरे. मग आलेल्या चरबीतली किती साठवायची आणि जुनी किती बाहेर काढून जाळायची, याचा हिशेब मेंदू आणि ही हार्मोनं मिळून बघतात. त्या मुख्य हार्मोनचं नाव कोलेसिस्टोकायनिन. हे नाव मामा घरच्या लाडक्या सुनेचं घ्यावं तसं घेत. "पोट म्हंजे खळं," ते म्हणत, "चरबी म्हंजे कोठी, अन् मेंदू म्हंजे घरचा म्हातारा. खळ्यावर किती धान आलं हे म्हाताऱ्याले कोनी सांगाले पायजे की नाई? आतडं सांगते. अन् तुम्ही लोकं काय करता? निरोप घरी पोचाच्या आधीच अजून चार बैलबंड्या खाली करता." त्यांना आणखी एक दाट संशय होता. कोठीसुद्धा मुकी नसणार, किती भरली हे ती स्वतःच म्हाताऱ्याला कळवत असणार, असं ते ठासून सांगत. महाविद्यालयातले लोक हसत. पुढे बऱ्याच वर्षांनी चरबीचंही तसं हार्मोन सापडलं, तेव्हा मामा ते ऐकायला नव्हते. वर्तमानपत्रातली ती बातमी वाचून मला दिवसभर चुटपूट लागून राहिली.

बरं, शास्त्र घरापुरतं ठेवावं, तर तेही नाही. एकदा खाप्याला नात्यातलं लग्न होतं. पंगत बसली आणि मामा हातातलं घड्याळ काढून एका दणकट गृहस्थासमोर जाऊन उभे राहिले. ते नवऱ्या मुलीचे चुलते होते आणि बुंदीवर त्यांचा हात असा काही चालत होता, की वाढपी त्यांच्यापाशीच थांबून होता. हा माणूस कोणत्या मिनिटाला 'पुरे' म्हणतो ते मामांना टिपायचं होतं. ते एकटक बघत राहिले. चुलत्यांचा घास हळूहळू मंदावला, मग थांबला आणि त्यांना दरदरून घाम फुटला. मामा आनंदाने म्हणाले, "पोचला! निरोप पोचला!" तिकडे बायकांत गलका उठला, "काहून असे टकामका पाहून राहिले जी ते? नजर लागली नं भाऊजीले!" एक म्हातारी मीठ-मिरच्या घेऊन धावत आली आणि तिने चुलत्यांची दृष्ट काढून मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका लागून सगळी पंगत खोकत उठली. परतीच्या एसटीत मामा नागपूर येईपर्यंत एवढंच म्हणत होते, की मिरचीच्या धुरानं माझा प्रयोग वाया गेला.

या सगळ्यात मामी कुठे होत्या, हे तेव्हा माझ्या कधी मनातही आलं नाही. त्या हसतमुखाने वाढत, मामा नको म्हणाले की भांडं उचलत, आणि सगळ्यांचं झाल्यावर एकट्या बसून जेवत. मूलबाळ नव्हतं. माझ्या बायकोवरच दोघांची सगळी माया होती.

पुढे मामींना कावीळ झाली. तेल-तूप वर्ज्य, उसाचा रस आणि पातळ मुगाचं पाणी. कावीळ उतरली, डोळे निवळले, पण भूक काही परत आली नाही. हिवाळा गेला, ऊन तापायला लागलं आणि मामींच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मामांचे डॉक्टर मित्र येऊन तपासून गेले. ते म्हणाले, आता आजार काहीच नाही, पोटात अन्न गेलं पाहिजे, असंच चाललं तर बाई हातची जाईल. मामा हादरले आणि शास्त्र घेऊन कामाला लागले. इतके दिवस आतड्याला स्निग्ध काही भेटलंच नाही म्हणून पित्ताची पिशवी झोपली आहे, तिला थेंबथेंब तुपाने जागं करायचं. तूप जास्त झालं तर पोट आधीच भरल्याचा निरोप जाईल, म्हणून बेताने. स्वतः चूल पेटवून ते मऊ भात करत, त्यावर तुपाचा थेंब सोडत, ताट घेऊन मामींपुढे बसत आणि विचारत, "भूक हाय का वं?" मामी "नाई" म्हणाल्या, की मामा ताट उचलून आत नेत. चेहरा रडवेला, पण ताट नेत. आतड्याचा निरोप मोडायचा कसा?

एका रविवारी हे आमच्यासमोर घडलं. मामा ताट घेऊन आत गेले आणि मामी माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "लगन झालं तवापासून या मानसानं मले एक डाव 'घे' म्हनलं नाई वं पोरी. आता तर सवयच मोडली खायाची." त्यात तक्रारही नव्हती. माझी बायको मात्र तडक स्वयंपाकघरात गेली. "मामा, ती नाई म्हनते अन् तुम्ही ताट उचलता? दुसऱ्यानं म्हनावं लागते, तवा बाईमानूस खाते. काहून समजत नाई जी तुमाले?"

मामा बाहेर आले ते थेट माझ्यापाशी. मला हाताला धरून अंगणात नेलं आणि खाली मान घालून विचारलं, "जावईबापू, आग्रह कसा करतेत जी?" जगातल्या भुकेची सगळी यंत्रं ज्यांना पाठ होती त्यांना मी, साताऱ्याचा पाटबंधाऱ्यातला माणूस, आग्रह शिकवू लागलो. प्रश्न विचारायचा नाही. उत्तराची वाट बघायची नाही. नको म्हटलं की ते ऐकूच आलं नाही असं समजायचं. आणि नाव कुणाचं तरी जिवाभावाचं घ्यायचं. मामा एकेक गोष्ट ओठांतल्या ओठांत घोकत होते. मला हसू येत होतं.

ताट पुन्हा मामींपुढे आलं. मामांनी घास कालवला आणि पुढे केला. मामी म्हणाल्या, "नको." सवयीने मामांचा हात मागे गेला. मी खाकरलो. हात पुन्हा पुढे आला. "हा... हा कुहीच्या वावराचा." मामी त्यांच्याकडे बघतच राहिल्या, आणि त्यांनी तोंड उघडलं. "हा तुह्या मायचा. हा आपल्या पोरीचा. अन् हा जावईबापूचा." मामी खात होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. थोड्या वेळाने मामांची जिवाभावाची नावं संपली. ते क्षणभर गोंधळले, मग धीर करून म्हणाले, "हा कोलेसिस्टोकायनिनचा." मामींना एवढं हसू फुटलं की माझ्या बायकोला पाणी आणायला धावावं लागलं. "तिचाबी खाते बाप्पा," त्या म्हणाल्या, "माह्या आधीपासून हाय ती या घरात."

भात संपला. रिकामं ताट मांडीवर घेऊन मामा भिंतीला टेकून बसले. दुपार टळून गेली होती आणि सकाळपासून त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. मी म्हणालो, "मामा, आता तुम्ही जेवून घ्या."

"भूक नाई जी. पोट गच्च भरलं," ते म्हणाले आणि एकदम सावरून बसले. कपाळाला आठी पडली. "आतड्यात तर काईच गेलं नाई माह्या. मंग हा निरोप धाडला कोनी?"

"मीनं धाडला," मामी म्हणाल्या. "आता मुकाट्यानं बसा जेवाले. अन् नाई म्हनसान तर मी आयकनार नाई."

मामा जेवायला बसले. मामी अजून भिंत धरून चालत होत्या, तरी वाढायला त्याच उठल्या. पाऊसकाळ येईपर्यंत त्यांच्या बांगड्या पुन्हा मनगटावर ठरल्या. पुढे माझी बदली झाली, आणि आता ती दोघंही नाहीत. मामांनी शिकवलेलं शास्त्र खरं होतं, हे मला आज पुस्तकातही वाचायला मिळतं. पण त्या दुपारी मामींच्या हातचा पहिला भात संपवून, आयुष्यात पहिल्यांदाच, मामांनी आणखी वाढून घ्यायला आपण होऊन ताट पुढे केलं होतं. ते आठवलं की मला फार भरून येतं.