परतीचं जहाज

जळोचीच्या फाट्यावर हात करून उभ्या राहणाऱ्या तात्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी माझ्या स्कूटरवर बसून ते बारामतीत येतात. उमेदीची वर्षं त्यांनी मालवाहू जहाजावर स्वयंपाकी म्हणून काढली, त्यामुळे वाटभर विषय एकच, अल्बट्रॉस नावाचा भलाथोरला समुद्रपक्षी.

"आठ-आठ दिवस जहाजामागं असतोय, सर. पंख हलवायचं नाव न्हाय. वारा कशाला हाय मग?"

हे सांगताना ते मागच्या सीटवर दोन्ही हात पसरतात आणि शेजारून जाणारे मला शिव्या घालतात.

परवा अर्ध्या वाटेत पेट्रोल संपलं. तात्या उतरले, दुसऱ्या गाडीला हात केला आणि बघता बघता पसार झाले. मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत मी स्कूटर ढकलू लागलो.

पाऊण तासानं ते समोरून एका मोटरसायकलवर आले. हातात पेट्रोलची बाटली होती.

"पक्षी जहाज सोडत न्हाय, सर."

मी ओशाळलो. "कुठल्या पंपावरनं आणलंत?"

"पंप कशाला? ह्यांच्या टाकीतलं हाय." त्यांनी मोटरसायकलवाल्याकडं बोट केलं. "हे आमचं संध्याकाळचं जहाज."