पाण्यातली अन्नपूर्णा

माझा देवावर विश्वास होता, भरवसा मात्र नव्हता. असता, तर लग्नात माहेरून मिळालेली पितळेची अन्नपूर्णा मी पाण्यात बुडवून ठेवली नसती.

आमची ईरा शेतीशास्त्र शिकली आणि इथली, न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चची चांगली नोकरी सोडून पश्चिम आफ्रिकेत, नायजरमधल्या एका खेड्यात गेली. तिथली पहिली पेरणी करपली होती, घराघरांतलं धान्य संपलं होतं. तिची संस्था दुबार पेरणीसाठी बाजरीचं बियाणं वाटत होती. मग पाऊस आला तो असा, की रस्ताच वाहून गेला. ईराला मलेरिया झालाय आणि गाडी तिथवर पोचत नाही, एवढंच संस्थेने कळवलं. त्यानंतर काहीच कळेना.

इकडे हॉर्नबीत, ख्राइस्टचर्चच्या आमच्या उपनगरात, तेव्हा हाडं गोठवणारी थंडी होती. मी देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा तिच्या तांदळांवरून उचलली आणि पाण्याने भरलेल्या वाडग्यात ठेवली. पोरगी सुखरूप असल्याचं कळेपर्यंत तू पाण्यात आणि मी उपाशी, असं तिला बजावलं. हे म्हणाले, "अगं, देवीशी कसला हट्ट करतेस? घोटभर दूध तरी घे." मी घेतलं नाही. खरं सांगायचं तर त्या उपासात जप कमी आणि भांडणच जास्त झालं. पलीकडे फ्रिज गच्च भरलेला होता, माझी भूक कधीही संपवता आली असती, हे तेव्हा मनातही आलं नाही.

एका सकाळी फोन वाजला. "आई, आय ॲम ओके," एवढंच ईरा बोलली आणि मी ओक्साबोक्शी रडले. देवीला पाण्यातून काढून ओढणीने पुसलं, पुन्हा तांदळांवर बसवलं. ओळखीच्या घराघरांत पेढे वाटले. माझी देवी पावली, असं भेटेल त्याला सांगत सुटले.

पीक निघाल्यावर ईरा घरी आली. निम्मी झाली होती. मी तिच्या आवडीची बाजरीची भाकरी केली, वर लोण्याचा गोळा ठेवला. ताटाकडे बघत ती तिकडचं सांगू लागली.

तापात तिला काही गिळवत नव्हतं. जिच्या घरी ती राहायची, त्या मरियामाने बाजरी कुटून पातळ पेज केली आणि रस्ता उघडेपर्यंत तिला चमच्याने भरवली. "पण आई, ती बियाण्याची बाजरी होती. मीच सगळ्यांना सांगितलेलं, व्हॉटेव्हर हॅपन्स, सीड खायचं नाही."

मरियामाची लहान मुलगी कधीची सुकत चालली होती. तिला ती झाडपाला उकडून घालत होती. घरात बियाण्याची पिशवी असूनही पोटच्या पोरीसाठी तिने तिची गाठ सोडली नव्हती. ईरासाठी सोडली. उरलेलं पेरलं. कणसं भरायच्या आधीच ती मुलगी गेली.

"मी विचारलं तिला, का? शी सेड, तू पाहुणी, आणि तुझी आई लांब आहे."

मी वाटलेले पेढे आठवले आणि स्वतःची लाज वाटली. जिला मी इथे पाण्यात कोंडून बसले, ती तिथे मुसळ हातात घेऊन उभी होती, असं म्हणावंसं वाटतं. पण मग त्या पोरीच्या वेळी ती कुठे होती? मला माहीत नाही. देवीला विचारलं, अजूनही विचारते. उत्तर आलेलं नाही, आणि तरी तिच्यापुढे बसल्याशिवाय राहवत नाही.

ईराने डोळे पुसत पुसत ती भाकरी खाल्ली. ताटात कण ठेवला नाही.

आता माझी अन्नपूर्णा तांदळांवर नाही, मूठभर बाजरीवर बसते. तिला अट घालणं मी सोडलं. माझ्या लेकराला जगवलं ते माझ्या हट्टाने नाही, एका परक्या आईने, आणि ते ऋण फिटण्यातलं नाही.

यंदाच्या पेरणीला ईरा पुन्हा तिकडे गेली. परवापासून तिचा फोन लागत नाही. जीव थाऱ्यावर नाही, पण वाडगा कपाटातच आहे. सकाळी हात जोडते, आधी मरियामाच्या चुलीसाठी मागते, मग ईरासाठी. आणि मग उठून दोन घास खाऊन घेते.