मागे न जाणारा पेपर

नौपाड्यात शुभदा कर्णिकला सगळे श्रीपाद सरांची मुलगी म्हणूनच ओळखत. सरांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि मुलांना एकच शिस्त लावली: आधी सगळा पेपर वाचायचा, सोपं ते उरकायचं, अडलेल्या प्रश्नाला पेन्सिलीने खूण करून पुढे जायचं आणि शेवटी पेपर तपासायचा. शुभदा या शिस्तीतच वाढली. भाजी निवडतानाही किडकी वांगी ती शेवटाला ठेवायची.

अठ्ठ्याण्णव साली ती जीआरईला बसली, तेव्हा ती परीक्षा आपल्याकडे नुकतीच कागदावरून संगणकावर आली होती. तिला अमेरिकेत संख्याशास्त्र शिकायचं होतं. आईशी बोली झाली होती: या वर्षी प्रवेश मिळाला नाही, तर बँकेतली नोकरी धरायची आणि स्थळं बघायला हो म्हणायचं.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा कोपरीहून तिचा आतेभाऊ गुरुदत्त आला. तो ही परीक्षा देऊन बसला होता.

"एका वेळी एकच प्रश्न दिसतो. बरोबर आला की पुढचा अवघड, चुकला की सोपा. नुसते किती बरोबर यावर गुण नाहीत, केवढे अवघड सोडवलेस यावर आहेत."

"आणि अडला तर?" सरांनी विचारलं.

"अंदाजाने ठोकायचं, मामा. मागे जाता येत नाही. फक्त शेवटचे सोडून द्यायचे नाहीत, महागात पडतं."

"मग पेपर तपासायचा कधी?"

"तपासायचाच नाही."

सर शुभदाकडे वळले. "अगं, ही परीक्षा आहे की पत्त्यांचा डाव?"

दुसऱ्या दिवशी मात्र सर स्वतःच संगणक होऊन बसले. बिस्किटांच्या डब्यात प्रश्नांच्या चिठ्ठ्या. एक द्यायची, उत्तर आलं की काढून घ्यायची, पुढची द्यायची. बरोबर की चूक, सांगायचं नाही. शुभदा त्यांचा चेहरा वाचते हे लक्षात आल्यावर त्यांनी समोर वर्तमानपत्र धरलं.

मग ती चिठ्ठ्याच वाचू लागली.

"सोपी दिलीत. म्हणजे मागचं चुकलं ना, बाबा?"

"संगणक बोलत नाही," वर्तमानपत्रामागून उत्तर आलं.

शेवटच्या दिवसांत तिला भीतीही वाटेनाशी झाली. एका रात्री आई आमटीत मीठ घालायला विसरली होती. सगळ्यांनी मागून घेतलं, शुभदा तशीच जेवून उठली.

परीक्षेत सुरुवातीचे प्रश्न चढत गेले. ती शांतपणे चढत होती. मग एक प्रश्न आला: पाच संख्यांची सरासरी बारा. एक संख्या काढल्यावर उरलेल्या चारांची सरासरी दहा. काढलेली संख्या कोणती?

सातवीतला प्रश्न. तिने उत्तर दिलं, पण मन मागच्या प्रश्नापाशी गेलं, आणि तिथे जायची सोय नव्हती. पुढचे प्रश्न पुन्हा अवघड झाले की नाही, तिने पाहिलंच नाही. हात काम करत राहिले. शेवटचा प्रश्नही तिने सोडला नाही.

शेवटी पडद्यावर विचारणा आली: गुण पाहायचे, की परीक्षा रद्द करायची? एकदा पाहिले की ते कायमचे राहणार. पुन्हा बसायचं, तर अर्जांच्या मुदती उलटणार. तिला आपला निकाल ठाऊकच होता. तिने रद्द केली.

खोपटला बसमधून उतरून ती चालत घरी आली. गुरुदत्त आधीच येऊन बसला होता.

"सोपा प्रश्न आला मधेच," ती म्हणाली. "मग रद्द केली."

"एका सोप्या प्रश्नावरून? अगं वेडे, संगणकाला प्रश्नांचे प्रकारही बदलायचे असतात. काही प्रश्न तर नुसते अजमावायला घालतात, गुणांत धरतच नाहीत. मी सांगितलं नव्हतं?"

"नाही."

गुरुदत्त पंख्याकडे बघत राहिला. आई चहा ठेवायला आत गेली.

सरांनी डब्यातून एक कोरी चिठ्ठी काढली. "सांग बघू, काय होता?"

तिने सांगितला. त्यांनी साठ लिहिले, खाली चाळीस, रेघ ओढली. मग पुन्हा सावकाश, पहिल्यापासून.

"तू काय लिहिलंस?"

"वीस."

"बरोबर आहे," सर म्हणाले. त्यांनी चिठ्ठीवर लाल पेनाने खूण केली आणि घडी घालून ती डब्यात ठेवली.