महाजनबाईंचा तिसरा भाग

जून महिन्यात नवी पुस्तकं आली, की महाजनबाई ती आधी फाडायच्या. शाळेत रुजू झालो त्या आठवड्यात मी हे पाहिलं आणि हबकलोच. स्टाफरूममध्ये बाई ब्लेड घेऊन बसलेल्या, समोर पुस्तकांची चळत, आणि कोरं करकरीत पुस्तक शिवणीपाशी उभं चिरलं जात होतं. "बाई, सरकारी पुस्तक आहे," मी म्हणालो. "सरकारला कुठं वाचायचंय ते? पोरांना वाचायचंय ना," बाई मान वर न करता म्हणाल्या. मग प्रत्येक धडा वेगळा शिवायचा, त्याला जुन्या लग्नपत्रिकेचं जाड पुठ्ठा लावायचा, आणि मुलांना एका वेळी एकच धडा द्यायचा. आमच्या शाळेतली मुलं अशी कुणाच्या तरी शुभविवाहात गुंडाळलेला धडा बगलेत मारून घरी जायची.

बुऱ्हाणपुरातली आमची मराठी शाळा लहानशी, इतवारा पेठेतल्या बाजाराच्या मागे. केळीच्या बागांत राबणाऱ्यांची, हातगाडीवाल्यांची, छोट्या दुकानदारांची मुलं. घरी आमची खानदेशी वळणाची मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि शाळेत दोन्हींची खिचडी. मी गणिताचा, बाई मराठीच्या आणि मुख्याध्यापिकाही. त्यांचे यजमान नेपानगरला कागदाच्या गिरणीत होते, ते लवकर गेले. मुलगी सासरी खंडव्याला. त्यामुळे बाईंचं घर म्हणजे शाळाच होती म्हटलं तरी चालेल.

बाईंचा एक प्रश्न साऱ्या गावाला पाठ होता. "पचलं का?" मुलानं धडा वाचून दाखवला, स्वतःच्या शब्दांत सांगितला, एखादी शंका विचारली, की मगच पुढचा धडा हातात पडायचा. विचारलं नाही तर नाही. इन्स्पेक्टर आले, अभ्यासक्रम मागे पडलाय म्हणून ओरडले, तरी बाई ढिम्म. मीही एकदा चिडलो. "अशानं वर्ष संपेल, पुस्तक नाही संपणार." बाई म्हणाल्या, "सर, लेकराच्या तोंडात तुम्ही अख्खी भाकर कोंबता का? एक घास द्यायचा. गिळला की ते आपण होऊन आ करतं." आणि त्यांच्या तासाला मुलं माझ्या तासापेक्षा जास्त शिकत होती हे मला दिसत होतंच.

मग शाळा एकत्र करण्याची वर्षं आली. लहान शाळा मोठ्या शाळेत घालायच्या, असं वरून ठरलं. आमच्याकडे त्याला सगळे विलय म्हणायचे. आमची शाळा पलीकडच्या मोठ्या हिंदी शाळेत जाणार होती. तिथे मराठी वर्ग नव्हता, होणारही नव्हता. कुणाला हरकत असेल तर महिनाअखेरपर्यंत कागदपत्रांसह ईमेलनं कळवावं, अशी नोटीस लागली.

बाई कामाला लागल्या. जागेचे कागद, इमारतीचे कागद, मुलांची हजेरी, पालकांच्या सह्या. आणि शेवटी सगळ्या मुलांकडून एकेक पान लिहून घेतलं, मला ही शाळा का हवी. तुकईथडहून आलेल्या, काकांकडे राहणाऱ्या एका पोरानं लिहिलं होतं, "इथे मी बोललो तर कोणी हसत नाही. मोठ्या शाळेत भाऊ जातो, तो आता बोलतच नाही." हे पान वाचून बाई डोळे पुसत बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "सर, ह्या एका पानावर शाळा वाचते, बघा."

हे सारं बाड बाजारातल्या रेखाच्या ऑनलाइन कामाच्या दुकानात गेलं. रेखा बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. तिनं सगळं स्कॅन करून एक पीडीएफ केली. ती इतकी अगडबंब झाली, की मेल जाईचना. "बाई, फाइल भारी झाली. तुकडे करावे लागतील, तीन भाग करून देते," रेखा म्हणाली. बाईंना असा आनंद झाला, की बस. कॉम्प्युटरलाही शेवटी आपलंच म्हणणं पटलं, असं त्या मला दोन दिवस ऐकवत होत्या. कुठल्या भागात काय, हे त्यांनीच ठरवलं. पहिल्यात जागा-इमारत, दुसऱ्यात हजेरी आणि सह्या, तिसऱ्यात मुलांची पानं. "चांगलं ते शेवटी. आधीच दिलं तर बाकीचं कोण पाहील?" रेखानं तिन्ही भाग त्यांच्या मोबाइलवर टाकले, मेल कसा करायचा ते शिकवलं. "मीच पाठवते," बाई म्हणाल्या. मी नंतर विचारलं, "गेलं का बाई?" "गेलं," बाई म्हणाल्या. आम्ही सगळे निर्धास्त झालो.

उत्तर आलं ते असं : सादर कागदपत्रांत विलयास हरकतीचं कारण आढळत नाही. मी धावत बाईंकडे गेलो. मुलांची पानं वाचूनही कारण आढळत नाही? बाई शांतपणे म्हणाल्या, "तिसरा भाग कुठं पाठवलाय अजून? पहिल्याची पोचच आली नाही. त्यांनी काही विचारलं नाही, शंका काढली नाही. मग दुसरा कसा देणार?"

मी डोक्याला हात लावला. तापलोही. "बाई, ते ऑफिस आहे, तुमचा चौथीचा वर्ग नाही!" एवढ्या वर्षांत मी त्यांच्यावर आवाज चढवला तो तेवढाच. बाईंना आपण काय केलं ते तेव्हा कळलं. चेहरा एकदम उतरला. हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "मले वाटलं, वाचतील, मग मागतील. एवढी शिकलेली माणसं." रागावलेली बाई मी पुष्कळदा पाहिली होती, हरलेली पाहवेना.

रेखानं उरलेले भाग त्याच दिवशी पाठवून देते म्हटलं, पण मुदत सरली होती, आणि बाईही नको म्हणाल्या. जुलैत मुलं रांगेनं मोठ्या शाळेत गेली. बाई फाटकापर्यंत सोबत गेल्या, आत गेल्या नाहीत. पुढं त्या निवृत्तच झाल्या. तुकईथडचं ते पोर वर्षभरात शाळा सोडून केळीच्या गाडीवर लागलं, असं ऐकलं. बाईंना मी ते सांगितलं नाही. त्यांना माहीत असावं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एकदा सकाळीच बाईंचा फोन. आवाज धावत होता. "सर, वाचलं हो त्यांनी! हिंदीत मेल आलाय. भाग एक मिला, कृपया भाग दो भेजें." कुणीतरी नव्या माणसानं जुने मेल उपसले असणार. मी म्हणालो, "बाई, शाळेत आता गोदाम झालंय. कायले पाठवता?" बाई म्हणाल्या, "मागितलंय ना सर? मागणाऱ्याला उशिरा आलास म्हणून उपाशी पाठवता येत नाही." दुसरा भाग त्यांनी त्याच दिवशी पाठवला. त्याला उत्तर आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. बोलायलाही बाईंना दम लागत होता. माझा हात धरून त्यांनी विचारलं, "सर, तिसरा मागितला का त्यांनी?"

त्यांचा मोबाइल उशाशी होता. मी तो उचलला, बघितल्यासारखं केलं. आयुष्यात बाईंशी कधी खोटं बोललो नव्हतो.

"मागितलाय बाई. आजच."

बाईंनी डोळे मिटले. "मग धाडा तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि म्हणावं, सावकाश वाचा. पोरांचं अक्षर आहे."