फुंकर

मंगलताई खोकला लपवून मेल्या.

ऑफिसच्या ग्रुपवर 'अल्पशा आजाराने' असं टाकलंय. अल्पसा कसला. दीड वर्ष लपवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ताई नर्स होत्या. राहायला पिंपरीत, काम चाकण पट्ट्यात. आमच्या प्रोजेक्टमध्ये गरोदर बायकांना डांग्या खोकल्याची लस देतात. मग आईच्या अंगातलं संरक्षण बाळात किती उतरलं, किती दिवस टिकलं, ते बाळाच्या रक्तात मोजतात. माझं काम फॉर्म मराठीत लिहिणं आणि व्हिजिटच्या तारखा पाळणं.

ताईंची एक सवय होती. बाळाची टाच टोचायची, थेंब घ्यायचे, आणि मग टाचेवर फुंकर घालायची.

"ताई, हे प्रोटोकॉलमध्ये नाही."

"तुझ्या प्रोटोकॉलला पोर झालंय का एक तरी?"

दोन वर्षांपूर्वी कुरुळीत पत्र्याच्या खोल्यांमध्ये एक बाळंतीण होती. नाव लिहीत नाही. माहेर परभणीकडचं, नवरा कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. लस घेतली आणि चारच दिवसांनी, वेळेआधी बाळंत झाली.

बाळाला स्वतःची पहिली लस दीड महिन्याला मिळते. रक्त त्याच्या आत घ्यावं लागतं. पण सव्वा महिना होईस्तोवर सासू बाळाला सुई लावू देत नाही. प्रत्येक घरात हेच. मधे चार-पाच दिवस उरतात. त्याला आम्ही विंडो म्हणतो.

शेवटच्या दिवशी मी ताईंना फोन केला.

"ताई, कुरुळीची विंडो आज संपते."

"आठ दिवस खोकतेय गं मी. दुसऱ्या कुणाला पाठव."

"दुसरं कोण आहे? मास्क लावा आणि जाऊन या ना."

"बरं बाई. तुझी विंडो."

गेल्या. मास्क लावून गेल्या. टाच टोचली. पोर रडलं.

मास्क खाली करून फुंकर घातली.

हे मला त्यांनीच सांगितलं. बाळ दवाखान्यात गेल्यावर.

डांग्या खोकलाच निघाला. एवढ्या लहान बाळाला नीट खोकताही येत नाही. श्वास थांबतो आणि ते निळं पडतं. दवाखान्यातच चौथ्या दिवशी गेलं.

तोवर त्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. आईकडून बाळात जवळजवळ काहीच उतरलं नव्हतं. लस घेतल्यावर चार दिवसांत काय उतरणार. आमचे सर म्हणाले, "महत्त्वाचा डेटा पॉइंट आहे." सर वाईट माणूस नाहीत. तो खरंच महत्त्वाचा होता.

"माझी तपासणी करून घे," ताई म्हणाल्या. "माझ्यामुळं झालं का, ते तरी कळू दे मला."

"विचारते," मी म्हणाले.

विचारलं नाही. त्यांच्यामुळे झालं असं निघालं असतं, तर त्यांना कुणी पाठवलं, हा पुढचा प्रश्न होता.

चौकशीत ताईंनी लिहून दिलं, 'मी स्वतःहून गेले.' मी त्याच खोलीत बसले होते. मीच त्यांना पेन दिलं.

महिन्याभराने त्या बाईने बाळाचं रक्त परत मागितलं. लेकरू पुरलंय तिथं, त्याच्यापाशी ठेवते म्हणाली.

तसं देता येत नाही. नमुना नष्ट करतात आणि तसं पत्र देतात. पत्र घेऊन ताई गेल्या. तिला वाचता येत होतं, तरी ती म्हणाली, तुम्हीच वाचा. ताईंनी शेवटपर्यंत वाचलं. शेवटचं वाक्य माझं होतं: 'आतापर्यंत मिळालेली माहिती मात्र अभ्यासात वापरली जाईल.'

मग तिने ताईंना पाणी दिलं आणि विचारलं,

"ताई, तुमचा खोकला गेला का?"

ती काळजी होती की आणखी काही, ते ताईंना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मला किती वेळा विचारलं त्यांनी. "तुला काय वाटतं गं?"

त्यानंतर त्यांनी कुणाच्या बाळावर फुंकर घातली नाही.

आणि पुढे पुन्हा खोकला सुरू झाला, तेव्हा कुणासमोर खोकल्या नाहीत. उबळ आली की फोन कानाला लावून जिन्यात जायच्या. आम्ही हसायचो.

"ताई, कुणाचा फोन? या वयात?"

"आहे एक जण. सोडतच नाही."

या वर्षी जिन्यातच पडल्या. फुप्फुसाचा कॅन्सर, सगळीकडे पसरलेला. डॉक्टर त्यांच्या मुलीवर चिडले. "एवढे दिवस घरात कुणाला खोकला ऐकू आला नाही?"

"नाही," मुलगी म्हणाली. खरंच आला नव्हता.

काल स्मशानात बुद्धवंदना झाली. माणसं थोडी होती. कुरुळीची ती बाई आली होती, कडेवर दुसरं बाळ घेऊन. फॉर्मवर सही घेताना आम्ही एकदा भेटलो होतो. तिने ओळखलं.

"मॅडम, त्या दिवशी त्या लई आजारी दिसत होत्या. मी आलं घालून चहा दिला त्यांना."

मी मान हलवली.

"एवढ्या आजारी माणसाला बारक्या लेकरापाशी पाठवलं कुणी?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

ताईंना अजून अग्नी दिला नव्हता. त्या दहा पावलांवर होत्या.

ती बाळाला सावरत निघून गेली.

तिचा नंबर व्हिजिटच्या यादीत अजून आहे. हे सगळं आधी तिला पाठवलं, मग इथे टाकलं. दोन निळ्या टिक्स आल्यात.

त्या दिवशी ताईंना मी पाठवलं होतं.

मंगलताई, शेवटचा जय भीम.