रामटेक्यांनी बघितलेली गाडी

रामटेके गेल्याचं मला त्यांच्या बायकोच्या, मित्रावहिनींच्या फोनवरून कळलं. सकाळची वेळ होती, मी कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होते. "डॉक्टर, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. झोपेतच हृदय बंद पडलं होतं. तासाभरात महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. 'आपले लाडके रामटेके काका', 'देवमाणूस', 'आमचा कारगुरू हरपला'. कोणकोण काय लिहितंय ते मी वाचत गेले. मी जन्मभर पॅथॉलॉजिस्ट म्हणून नोकरी केली, नको नको ते भिंगाखाली बघून त्याच हातांनी डबा खाल्ला, पण त्या दुपारी मला घास गेला नाही. का, ते सांगायला हे लिहिते आहे. वाचून कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

प्रफुल्ल रामटेके मूळचे नागपूरचे. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलपासून दीड-दोन तासांवर एका जपानी मोटार कंपनीचा कारखाना आहे, तिथे ते क्वालिटी विभागात इंजिनिअर होते. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. तिची फुकट जाहिरात आमच्या लोकांनी आजवर भरपूर केली आहे. इथे भारतातून नवीन माणूस आला की त्याला आधी किराण्याचं दुकान दाखवतात आणि मग त्याच्या कानात सांगतात, गाडी जपानीच घे, जुनी चालेल, विकताना पडेल भावाने जात नाही. गाडी ठरली की रामटेक्यांना फोन. ते शनिवारी येत, चटई अंथरून गाडीखाली सरपटत जात, मग एकेक दार उघडून लावत आणि मान तिरकी करून त्याचा आवाज ऐकत. "घे" म्हणाले की ठरलं. मला ते "घ्या डॉक्टर" म्हणाले होते आणि मी डीलरशी पुढे एक अक्षर बोलले नाही. कोरी गाडी असली तर दारात पूजा व्हायची. बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, सगळा थाट. रामटेके बौद्ध, पूजेशी त्यांचा संबंध नव्हता, पण पूजा त्यांच्यासाठी खोळंबायची. ते गाडीभोवती फेरी मारून बाजूला झाले की नारळ फुटायचा. हीच मंडळी त्यांना गणपतीच्या समितीत मात्र कधी घेत नसत. विचारलं की म्हणत, "तसं काही नाही हो." तसंच होतं.

कंपनीचा इतिहास हा त्यांचा लाडका विषय. चहाचा कप हातात आला की सुरू. महायुद्धानंतर होत्याचं नव्हतं झालेलं, पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा सुरुवात केली, पहिल्या गाड्या अमेरिकेत आणल्या तर त्या चढावर धापा टाकायच्या आणि इथले लोक पोट धरून हसायचे. "अन् डॉक्टर, ते भांडले नाहीत हो. गाड्या घेऊन परत गेले, खोलून बसले, सुधारून आणल्या." मग तेलाची टंचाई आली, इथल्या अवाढव्य गाड्या पंपासमोर रांगा लावून उभ्या राहिल्या आणि हसणारेच या चिमुकल्या गाड्या घ्यायला धावले. मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की मधली वाक्यं मीच पुरी करायचे. त्यांना त्याचा राग येत नसे.

पण त्यांचा जीव त्या कंपनीत अडकला तो दुसऱ्याच एका गोष्टीमुळे. तिथे गाड्या जोडत पुढे नेणारा सरकता पट्टा असतो, त्यावर डोक्यावरून एक दोरी गेलेली असते. कामगार असो की साहेब, कुणालाही खोट दिसली तर त्याने ती ओढायची, की सगळं काम थांबतं. रामटेके नवीन असताना एका दाराची बिजागरी त्यांना बरोबर वाटेना. त्यांनी घाबरत घाबरत दोरी ओढली. अख्खा पट्टा थांबला. जपानी साहेब लांबून चालत आला तेव्हा, ते सांगायचे, मनातल्या मनात मी सामान बांधायला घेतलं होतं. साहेबाने बिजागरी बघितली आणि कमरेत वाकून त्यांचे आभार मानले. "शाळेपासून मी चूक दाखवली की लोकांनी मला माझी जागा दाखवली, डॉक्टर. चूक दाखवली म्हणून वाकलेला माणूस मी तिथे पहिल्यांदा बघितला." ते हे सांगत असताना मात्र मी मध्ये बोलत नसे.

त्याच कंपनीत काही वर्षांपूर्वी त्यांच्या हाती एक घाण लागली. गाडीला झटका बसला की सीटबेल्टच्या आतलं कुलूप पट्टा घट्ट धरून ठेवतं. कडाक्याच्या थंडीत ते धरतं की नाही, याची एक चाचणी असते. आमच्या मंडळातल्या घराघरापुढे जे मॉडेल उभं होतं, त्याची ती चाचणी झालीच नव्हती. घाई होती, म्हणून आधीच्या मॉडेलचे निकाल उचलून पुढे लावले होते. रामटेक्यांनी स्वतः पट्टे गोठवून ओढून बघितले. काही धरत होते, काही सरळ सुटत होते. माझ्या धंद्यात याला रक्त न तपासता रिपोर्टवर सही करणं म्हणतात, आणि असं करणाऱ्याला मी लॅबच्या पायरीवर उभं केलं नसतं. रामटेक्यांनी वर सांगितलं. या वेळी कुणी वाकलं नाही. "तुम्ही हे उगाच कठीण करताय," असं एक गोड हसणारा साहेब म्हणाला आणि पुढच्या महिन्यात त्यांना जिथे कामच नाही अशा खोलीत बसवलं. त्यांनी नोकरी सोडली, सरकारी खात्याकडे तक्रार केली. चौकशी चालू आहे, चालूच आहे, आणि कंपनीच्या जाहिरातीत अजून एक आई आपल्या बाळाला पट्टा लावून गोड हसते. मी टीव्ही बंद करते.

मग रामटेक्यांनी जे केलं ते आमच्यात दुसऱ्या कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नसतं. ज्यांना ज्यांना "घे" म्हटलं होतं त्यांच्या घरी ते एकेक करून गेले. बसायला सांगितलं तरी बसायचे नाहीत, दारातच म्हणायचे, "मी घे म्हणालो होतो. आता नको म्हणतोय. ही गाडी चालवू नका." माझ्याकडे आले त्याच आठवड्यात मी ती गाडी दारातून हलवली, मोडीत दिली. बाकीच्यांना वाटलं म्हाताऱ्याला नोकरीचा सल आहे. मंडळाचे अध्यक्ष अविनाश त्यांना माझ्यासमोर म्हणाले, "काका, प्लीज, हे ग्रुपवर टाकू नका हं. रीसेल व्हॅल्यूची वाट लागेल यार सगळ्यांची." पोटच्या पोरांना मागच्या सीटवर बसवून फिरवणारी माणसं! मुलांचं काय होईल हे कुणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की बातमी बाहेर कधी फुटेल.

बातमी फुटायच्या आत या मंडळींनी आपापल्या गाड्या विकल्या. कुणाला? तर नुकत्याच शिकायला आलेल्या आपल्याच मुलामुलींना. ओळख नाही, पाळख नाही, पण मराठी बोलणारा काका भेटला की डोळे मिटून विश्वास टाकतात ना, त्यांना. एकदा रामटेके आणि मी किराण्याच्या दुकानात होतो, तेव्हा एक मुलगी धावत आली. "रामटेके काका ना तुम्ही? थँक यू सो मच! अविनाश काका म्हणाले तुम्ही चेक केलेली गाडी आहे, म्हणून मी लगेच घेतली." रामटेक्यांच्या हातातली कोथिंबिरीची जुडी तशीच राहिली. त्यांनी तिला तिथेच सगळं नीट समजावलं, गाडी चालवू नकोस म्हणून सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण तिने ऐकलं. मग ते माझ्या घरी येऊन मंडळींना फोन करत बसले, आणखी कुणाकुणाला विकल्यात, नावं द्या. कुणाला आठवेना, कुणी मीटिंगमध्ये होतं. "माझं नाव लावून विकतायत, डॉक्टर," ते मला म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते किळस आल्यासारखे स्वतःच्या तळहातांकडे बघत होते... त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. हृदय कशाने थांबलं हे मी, मी पॅथॉलॉजिस्ट, सांगू शकते. पण कशाने थकलं होतं तेही मला ठाऊक आहे.

शोकसभा झाली. कंपनीकडून भलंमोठं पुष्पचक्र आलं, 'आमच्या क्वालिटी परिवाराच्या सदस्यास'. वहिनींनी ते दाराबाहेर नेऊन ठेवलं. बुद्धवंदना झाल्यावर अविनाश बोलायला उभे राहिले, गळा दाटून आणून म्हणाले की काकांनी आपल्याला तडजोड न करायला शिकवलं. मी उठून बाहेर पुष्पचक्राशेजारी जाऊन उभी राहिले. अविनाशच्या भाषणापेक्षा मला ते पुष्पचक्र बरं वाटलं. परत आत आले तर चहा चालू होता आणि अविनाश वहिनींना हळूच विचारत होते, "काकू, गाडीचं काय करणार? गॅरेजमध्ये पडूनच आहे ना? माझ्या ओळखीत एक कपल आहे, बेबी येणारे त्यांना. काकांची स्वतःची गाडी म्हटल्यावर डोळे झाकून घेतील." ती गाडीही त्याच मॉडेलची, रामटेक्यांनी ती चालवणं केव्हाच सोडलं होतं. विकतही नव्हते, का ते अख्ख्या मंडळाला ठाऊक होतं. मला वाटलं वहिनी आता चहाचा कप याच्या अंगावर टाकणार. त्या म्हणाल्या, "शनिवारी घेऊन या त्यांना."

शनिवारी सकाळी त्यांनी मला लवकर बोलावलं. गॅरेजमध्ये त्या झाडं छाटायची कात्री घेऊन उभ्या होत्या. "डॉक्टर, हा पट्टा ताणून धरा." मी ताणून धरला, त्यांनी कापला. पट्टे चिवट, कात्री अडकत होती, घाम आला, मध्येच वहिनींना रडू फुटलं आणि रडत रडत त्यांनी मागच्या सीटचेही कापले. अविनाश आले, त्यांच्यामागे ते नवरा-बायको. अविनाशनी ऐटीत दार उघडलं आणि बघतच राहिले. "काकू, हे काय केलंत? चांगल्या गाडीची वाट लावलीत!" वहिनींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या मुलीला त्यांनी जवळ बोलावलं, आणि गाडीत काय खोट आहे, आपल्या नवऱ्याला ती कशी सापडली, हे सगळं सांगितलं. ऐकता ऐकता मुलीचा हात पोटावर गेला. मग ती अविनाशकडे वळून म्हणाली, "काका, तुम्हाला हे माहीत होतं? तुमची गाडी तर तुम्ही आमच्या युनिव्हर्सिटीतच विकलीत! अशा गाड्या अजून किती जणांनी घेतल्यात मला माहितीये." अविनाश फोनमध्ये काहीतरी शोधायला लागले. गाडी लावली होती तिकडे कधी निघून गेले कळलंही नाही.

"नंबर आहेत त्यांचे?" वहिनींनी विचारलं. मुलीकडे होते. आम्ही सगळे स्वयंपाकघरात आलो. वहिनींनी चष्मा लावला, पहिला नंबर फिरवला, आणि पलीकडून कुणा मुलाने हॅलो म्हटल्यावर उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "बाळ, मी रामटेके काकू बोलतेय. तू गाडी घेतलीस तेव्हा माझ्या नवऱ्याचं नाव सांगितलं होतं ना तुला? बरोबर आहे, त्यांनी बघितली होती ती. पण नंतर ते नको म्हणाले होते. ते तुला कुणी सांगितलं नाही... म्हणून मी सांगतेय."