स्लॅबवरच्या सळया

आर्णीच्या एसटीत शेजारचा म्हातारा जर्मनीतल्या कोलोन शहराबद्दल बोलू लागला, तशी मी पिशवी मांडीवर घेतली. परदेशात नोकरी लावून देणारे दलाल असंच सुरू करतात. तिथल्या मोठ्या चर्चचं बांधकाम सहाशे वर्षं चाललं, महायुद्धात शहर जमीनदोस्त झालं तरी ते उभं राहिलं, असं तो काचेवर बोटानं मनोरे काढत सांगत होता.

"तुम्ही गेलते का तिथं?" मी खोचकपणे विचारलं.

"पोरगा राह्यते. आधी फोन करे तवा सांगे. चर्च पुरं झालं का जग बुडते म्हणतात, म्हणून अजूनबी काही ना काही काम चालूच ठेवतात."

उतरताना त्यानं रस्त्याकडेचं आपलं घर दाखवलं. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया गंजल्या होत्या.

"पोराचा मजला हाय," तो म्हणाला. "मीबी लोकायले सांगतो, काम चालू हाय."